शेवंतीसाठी लाल एलईडी संच: बल्ब झकास, टायमर लंगडा

शेवंती रात्र मोजते, दिवस नव्हे. रात्र लांबली की कळी धरते. म्हणून थंडीतली लागण वीतभर असतानाच फुलावर येते. मध्यरात्री उजेड पाडून रात्र तोडली की ते रोखता येतं, आणि त्यासाठी हे बल्ब उत्तम. ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पानांतल्या फायटोक्रोमला, म्हणजे उजेड-अंधार ओळखणाऱ्या रंगद्रव्याला, नेमका लागू पडतो, वीजही साध्या पिवळ्या बल्बपेक्षा बरीच कमी. लागणीपासून साधारण चार आठवडे, रात्री १० ते २ लावावेत. शेंड्यापासून दीड मीटरवर टांगावेत. कोपरा अंधारात राहिला तर तिथली झाडं आधी फुलतात आणि तोडणी विस्कटते.

गोम टायमरमध्ये आहे. आत बॅटरी नाही. वीज गेली की घड्याळ तिथंच थांबतं, मग दिवे भलत्याच वेळी लागतात, कधी चक्क उन्हात! भारनियमन असलेल्या गावात बॅटरीवाला डिजिटल टायमर वेगळा घ्या.