कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये चार ओळी हव्या होत्या, दोनच होत्या

निवडणूक निकालाच्या दिवशी, ४ जून २०२४ ला, माझे ४,५२,५०० रुपये गेले. बाजार पडला म्हणून गेले, असं सगळे मला समजावतात. पडलाच, निफ्टी एका दिवसात १,३७९ अंकांनी खाली आला. पण माझी लूट त्याच्या चार महिने आधीपासून चालू होती.

अकाउंट हँडलिंगचा प्रकार तुम्हाला माहीत असेलच. आपल्या खात्यात सौदे दुसराच माणूस करतो: खातं आपलं, लॉगिन त्याचं, नफ्यात ४० टक्के त्याचे, वर १५,००० सेटअप फी. फेब्रुवारीत मशीन विकून आलेले ९ लाख मी खात्यात टाकले, म्युच्युअल फंड तारण ठेवून ७.५ लाखांचं मार्जिन, म्हणजे सौद्यांसाठी ब्रोकरकडे ठेवायची हमी रक्कम, उभं केलं. मी अडाणी नाही, २२ वर्षं वर्कशॉप चालवलंय. माझं खातं चालवणाऱ्याने सांगितलेली पद्धतही खरीच आहे: व्हीआयएक्स (बाजार किती हलेल याचा अंदाज दाखवणारा आकडा) चढला की ऑप्शनचा प्रीमियम, म्हणजे किंमत, फुगतो, तेव्हा बाजाराच्या पातळीपासून लांबचे कॉल (बाजार चढला की महागणारे) आणि पुट (पडला की महागणारे) विकायचे आणि त्याच्याही पलीकडचे स्वस्तातले विकत घेऊन तोटा बांधून ठेवायचा, यालाच हेज म्हणतात. खोटं काही नव्हतं, म्हणून तर विश्वास बसला.

३ जूनला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी २३,२६३ वर बंद झाला. रात्री कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दिवसभरातल्या सौद्यांची ब्रोकरची पावती, आली. २२,५०० चा पुट ८२ ला ५०० विकलेला, २४,००० चा कॉल ६१ ला ५०० विकलेला. खरेदीच्या दोन ओळी नव्हत्याच. मला दिसलं! मी विचारलंसुद्धा. उत्तर आलं, "दादा, आज हेज महाग आहे, उद्या घेतो." आणि मी "ओके" लिहून झोपलो. ते "ओके" आजही फोनमध्ये आहे.

सकाळी तोच पुट १,०४६ ला परत विकत घेऊन सौदा कापला. ४,८२,००० गेले, कॉलमध्ये २९,५०० सुटले. २२,२०० चा पुट विकत घेतलेला असता, तर दीड लाखाच्या आत भागलं असतं. हेज महाग आहे म्हणजे धोका मोठा आहे, हे मला त्या रात्री कळायला हवं होतं. दुपारनंतर त्याचा फोन बंद.

मग जुना हिशेब काढला. मेअखेरपर्यंतचा 'नफा' १,१८,५००. त्यातून त्याचे ४७,४०० गेले. पण ब्रोकरेज आणि इतर खर्च ६१,३४०! माझ्या हातात ९,७६०, सेटअप फी धरली तर मी तेव्हाच तोट्यात. खातं त्याच्याच लिंकवरून उघडलं होतं, म्हणजे ब्रोकरेजमध्येही त्याचा वाटा. रोज सौदे का व्हायचे ते आता कळलं. नफा सांगणाऱ्याला आधी विचारा, ब्रोकरेज वजा करून किती?

पोलीस ठाण्यात म्हणाले, पासवर्ड तुम्हीच दिलात. सायबर कक्षाने सांगितलं, हा ट्रेडिंगमधला तोटा, फसवणूक नव्हे, ठाण्यातच जा. ठाण्याने पुन्हा सायबरकडे. ब्रोकरकडे अकरा मेल केले, प्रत्येक वेळी तेच उत्तर: लॉगिन तुमच्याच ओटीपीने झालं आहे. अरे, पण तो तुमचाच माणूस ना, तुमच्याच नावाचं कार्ड दाखवून आला होता! एका साहेबांनी तर ऐकवलं, यात बहुतेक जण बुडतातच. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचाही अहवाल आहे, २०२१-२२ ते २०२३-२४ मध्ये एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला. पण म्हणून हेज घेतो सांगून न घेणाऱ्याला मोकळं सोडायचं? तीन महिने फेऱ्या मारल्या, साधी पोच मिळायला सहा आठवडे लागले.

ओटीपी सख्ख्या भावालाही देऊ नका. सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर स्वतः तपासा, त्याने पाठवलेला फोटो बघून नाही. चॅट पुसू नका, मी अर्धं पुसलं होतं.

परवा माझ्या मेहुण्याला नव्या नंबरवरून त्याचाच मेसेज आला. व्हीआयएक्स चढलाय, चांगली संधी आहे, सेटअप फी २०,०००.