स्वयंरचित पदार्थांसाठी लहान पेप्टाइड की मोठे प्रथिन?

स्वतःहून जुळून रचना घडवणाऱ्या पदार्थांवर काम सुरू करणाऱ्या संशोधकाला सर्वांत आधी कच्चा माल ठरवावा लागतो. रासायनिक संश्लेषणाने बनवलेले, दोन ते वीस अमिनो आम्लांचे पेप्टाइड घ्यावे, की जनुक घालून जिवाणूंकडून करवून घेतलेले शेकडो अमिनो आम्लांचे प्रथिन? प्रयोगशाळेत कोणते यंत्र आहे यावरून हा निर्णय पुष्कळदा आपोआप होऊन जातो. माझ्या मते तो पदार्थाकडून कोणते काम हवे आहे यावरून व्हावा.

पेप्टाइडच्या बाजूने सर्वांत बोलके उदाहरण आरएडीए-16 चे आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये शुगुआंग झांग यांच्या कामातून पुढे आलेल्या या पेप्टाइडमध्ये आर्जिनिन, ॲलॅनिन, ॲस्पार्टिक आम्ल आणि पुन्हा ॲलॅनिन हा क्रम चार वेळा येतो. आम्लधर्मी द्रावणात ते प्रवाही राहते. रक्ताशी संपर्क येऊन सामू आणि क्षारांचे प्रमाण बदलले, की त्याचे नॅनोतंतू होऊन पारदर्शक जेल बनते. म्हणूनच एंडोस्कोपीच्या वेळी रक्तस्राव थांबवण्यासाठी ते 'प्युरास्टॅट' या नावाने वापरात आले. याहूनही लहान रेणू पुरेसा ठरतो, हे तेल अवीव विद्यापीठातील मैताल रेचेस आणि एहूद गाझित यांनी 2003 मध्ये दाखवले: फेनिलॲलॅनिनची केवळ एक जोडी नॅनोनलिका बनवते, आणि त्या नलिकांच्या पोकळीत चांदीच्या बारीक तारा घडवता येतात.

मात्र या साधेपणावर फार विसंबू नये. लहान पेप्टाइडची अंतिम रचना जितकी त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमावर, तितकीच ते कसे विरघळवले आणि कसे मिसळले यावर अवलंबून असते. एफमॉक हा संश्लेषणात वापरला जाणारा संरक्षक गट जोडलेल्या डायफेनिलॲलॅनिनच्या (म्हणजे वरच्याच फेनिलॲलॅनिनच्या जोडीच्या) अल्कधर्मी द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल थेट टाकले, तर थेंब पडला तिथेच गुठळी धरते आणि बाकीचा भाग पातळ राहतो. त्याऐवजी पाण्यात हळूहळू आम्ल होत जाणारा ग्लुकोनोलॅक्टोन वापरला, तर सामू सगळीकडे सारखा उतरतो आणि एकसंध जेल मिळते. पदार्थ तोच, पण ताकद वेगळी. त्यामुळे वहीत तापमान, मिसळण्याचा वेग आणि द्रावक यांची नोंद नसेल, तर तोच प्रयोग दुसऱ्याच्या हातून तसाच उतरेल याची खात्री देता येत नाही.

लांबी हीदेखील मर्यादा आहे. रसायनशास्त्रज्ञ मेरिफिल्ड यांनी 1963 मध्ये मांडलेल्या घनाधारित संश्लेषणात, म्हणजे घन कणांवर एकेक अमिनो आम्ल जोडत साखळी वाढवण्याच्या पद्धतीत, प्रत्येक जोडणी 99 टक्के यशस्वी झाली असे धरले, तरी 16 अमिनो आम्लांच्या साखळीचे उत्पन्न सुमारे 86 टक्के, 50 चे 61 टक्के आणि 100 चे अवघे 37 टक्के येते. उरलेल्या साखळ्या एखाद्याच अमिनो आम्लाने कमी असल्या, तर त्या वेगळ्या काढणे जिकिरीचे होते.

प्रथिनांत रचनेची सूचना बव्हंशी क्रमातच असते, आणि हाच त्यांचा खरा लाभ आहे. प्रथिनांची रचना संगणकावर आखणारे अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर आखलेल्या आय53-50 या नॅनोकणात दोन प्रकारची प्रथिने मिळून नेमके 120 घटक बसतात. दक्षिण कोरियात 2022 मध्ये मान्यता मिळालेली स्कायकोव्हिओन ही कोविड लस याच कणावर उभी आहे. इतका काटेकोरपणा लहान पेप्टाइडच्या तंतूंत मिळत नाही, कारण त्यांची लांबी कमीजास्त होत राहते. इलॅस्टिनसदृश (त्वचेला लवचीकपणा देणाऱ्या इलॅस्टिनसारख्या) प्रथिनांचा गुण वेगळा आहे: नळी कोमट केली की द्रावण दुधाळ होते, अपकेंद्रणाने साका खाली बसतो आणि थंड बफरमध्ये तो पुन्हा विरघळतो. हेच चक्र काही वेळा केले, की रेणू वेगळे करणाऱ्या महागड्या क्रोमॅटोग्राफी स्तंभाशिवाय शुद्धीकरण साधते.

त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. क्रमात छोटा बदल करायचा तरी जनुक, वाढ आणि शुद्धीकरण हे सारे नव्याने आले. निसर्गात नसलेली अमिनो आम्ले पेप्टाइडमध्ये सहज बसतात, प्रथिनात ती घालणे कठीण जाते.

म्हणून पेशींसाठी मऊ आधार किंवा जखमेवरचे जेल हवे असेल, तर मी पेप्टाइडच सुचवेन. ठरावीक आकार, घटकांची नेमकी संख्या किंवा विकराची क्रियाशीलता हवी असेल, तर प्रथिनाला पर्याय नाही. पेशींवरील चाचणी दोन्हीकडे अपेक्षित असेल, तर पेप्टाइड मागवताना ट्रायफ्लुरोॲसिटेटऐवजी (संश्लेषणातून मागे राहणारा, पेशींना बाधू शकणारा क्षार) ॲसिटेट क्षार मागावा आणि ई. कोलाय या जिवाणूमधून काढलेल्या प्रथिनातील एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातील विषारी घटक) चाचणीपूर्वीच मोजावे; एरवी पेशी मेल्या तर दोष रचनेचा की अशुद्धीचा, हे ठरवता येणार नाही.