छोट्या व्यावसायिकांच्या संघटनेचं सभासदत्व : काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या संघटनेचा नुकताच सत्कार झाला. मानपत्रात उद्योजकतेला चालना, नव्या पिढीला प्रेरणा असं बरंच काही होतं. माझ्या मते सत्कार योग्यच झाला, फक्त ज्या कामासाठी व्हायला हवा होता त्याचा त्यात उल्लेखच नव्हता.

ते काम म्हणजे थकलेली येणी. वहीत नफा दिसतो, पण पैसा मोठ्या खरेदीदाराकडे अडकलेला असतो आणि पगार, भाडं, कर यांच्या तारखा काही थांबत नाहीत. कायदे आहेत की. भारतात २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं लागतं; उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात सरकारी खात्यांना साधारणपणे ३० दिवसांची मुदत आहे. पण व्याज मागितलं की पुढची ऑर्डर गेली, या धास्तीने एकटा माणूस हा हक्क वापरतच नाही.

माझं बिल असंच पडून होतं. संघटनेने त्याच खरेदीदाराकडे अडकलेल्या सगळ्या पुरवठादारांची एकत्र यादी केली आणि आपल्या लेटरहेडवर पत्र पाठवलं. राग नेमका कोणावर काढायचा हे कळू नये इतकी नावं त्यात होती. पैसे हप्त्याहप्त्याने आले, कोणाचीही ऑर्डर बंद झाली नाही. व्याज मात्र कोणालाच मिळालं नाही, आणि तिथे संघटनेने आणखी ताणून धरायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

दुसरं मोलाचं काम कोणाच्या नजरेस पडत नाही. नव्या नियमाचा मसुदा आला की इथली दोन-तीन माणसं तो अक्षरन्‌अक्षर वाचतात, सोप्या भाषेत आम्हाला कळवतात आणि मुदतीच्या आत लेखी हरकती पाठवतात. अमेरिकेत १९८० च्या कायद्यामुळे नियम करताना त्याचा छोट्या व्यवसायांवर किती भार पडेल हे सरकारी खात्यांना तपासावं लागतं. जिथे अशी सक्ती नाही, तिथे तो हिशेब कोणीतरी मांडून दाखवावाच लागतो. एक जादा विवरणपत्र म्हणजे मोठ्या कंपनीत कोणा कर्मचाऱ्याचं रोजचं काम. एकट्याने धंदा चालवणाऱ्याची त्यात अख्खी संध्याकाळ जाते. आमच्या हरकतीत हे तासांच्या हिशेबासह लिहिलेलं असतं, म्हणून मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे.

प्रशिक्षणवर्ग ठीकठाक. ओळखी वाढतात.

खरी उणीव निर्णयप्रक्रियेत आहे. कार्यकारिणीवर त्यातल्या त्यात मोठे व्यावसायिक जास्त, बैठका भर कामाच्या वेळी, आणि घरातून व्यवसाय करणाऱ्या बायकांच्या प्रश्नांची पाळी नेहमी शेवटी. अमेरिकेत १९४३ साली सुरू झालेली एनएफआयबी ही छोट्या व्यावसायिकांची संघटना आपली भूमिका सभासदांच्या मतदानाने ठरवते. सभासद लहान असो वा मोठा, मत एकच. आमच्याकडे निवेदन आधी जातं, आम्हाला मागाहून कळतं.

पुढच्या वर्षाची वर्गणी भरली आहे. मोठ्या भूमिकांवर सर्व सभासदांचं मतदान घ्यावं, अशी लेखी मागणी सर्वसाधारण सभेसाठी अर्जासोबतच दिली आहे.