महापेच्या डेटा सेंटरमधली आमची भाड्याची रॅक

आमच्या पतसंस्थेचे सर्व्हर महापे एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये हलवून पावणेदोन वर्षं झाली. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रार आहे.

रिसेप्शनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'टियर थ्री', म्हणजे डेटा सेंटरच्या भरवशाच्या चार पातळ्यांपैकी तिसरी. चेअरमनसाहेब तेवढ्यावरच खूश. सेल्सवाला तर '९९.९८२ टक्के, म्हणजे वर्षाला फक्त १.६ तास बंद' हे पाठच करून आला होता. हे टियर ठरवणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटने ती टक्केवारी २००९ मध्येच आपल्या मानकातून काढून टाकली, हे त्याच्या गावीही नव्हतं. आणि दाखला मागितला तर निघाला डिझाइनचा! म्हणजे कागदावरचे नकाशे तपासलेले. उभ्या इमारतीचा दाखला वेगळा असतो.

तरी रॅक (सर्व्हर ठेवायचं कपाट) घेतली, कारण काम चोख वाटलं. गार्डने माझा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा रजिस्टरात नोंदवला. रॅकमागे ए आणि बी असे दोन वेगळे वीजपुरवठे, लाल-निळ्या केबलींचे.

तिसऱ्या पातळीचा अर्थ मला एका रविवारी मध्यरात्री नीट कळला. ए बाजूच्या यूपीएसची देखभाल होती, मेल आठ दिवस आधी आला होता. देखभालीसाठी एक बाजू बंद केली तरी दुसरीवर सगळं चालू राहायला हवं, हेच तर तिसऱ्या पातळीचं वचन. (अचानक बिघाड झाला तरी चालू राहायचं, ही चौथीची गोष्ट.) बी बाजू तसूभरही हलली नाही. सर्व्हर दोन पिनांचे (एक ए मध्ये, एक बी मध्ये), तेही चालू. पण आमचा जुना फायरवॉल (बाहेरच्या नेटवर्कपासून सर्व्हर राखणारं यंत्र) एकाच पिनेचा, आणि ती पिन ए मध्ये, म्हणून तो बंद! चूक शंभर टक्के माझी.

तक्रार पुढची. पिन ए मधून काढून बी मध्ये घालायला त्यांच्या माणसाला चाळीस मिनिटं लागली, कारण तिकिटाला (कामाच्या नोंदवलेल्या विनंतीला) मंजुरी हवी. मी नाशिकला फोन धरून बसलेलो. वर बिल पूर्ण तासाचं.

आता रॅकमध्ये ट्रान्सफर स्विच टाकलाय, एका पिनेच्या यंत्रालाही दोन्ही बाजू मिळतात. पाचपैकी साडेतीन तारे. करार पुढच्या महिन्यात संपतोय. इमारतीच्या दाखल्याची प्रत तीनदा मागितली, तिन्ही वेळा उत्तर एकच: 'पाठवतो सर.'