जुन्या गाडीला नव्या मॉडेलची अलॉय की मूळचीच स्टीलची चाकं?

नव्या मॉडेलची अलॉय जुन्या गाडीवर चढवली की गाडी एकदम तरुण दिसते, हे कबूल. पण बोल्टची भोकं जुळली म्हणजे चाक बसलं असं नाही. पीसीडी म्हणजे बोल्टच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास; १०० मिमी आणि ९८ मिमी पीसीडी डोळ्यांना सारखेच दिसतात. ९८ च्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) १०० चं चाक जबरदस्तीने आवळलं तर बोल्ट तिरके बसतात आणि पुढे सैल होतात.

दुसरी गोष्ट ऑफसेट, म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर; ते ‘ईटी’ पुढे मिमीत लिहितात. ईटी ४५ च्या जागी त्याच रुंदीचं ईटी ३५ बसवलं, तर चाक १० मिमी बाहेर येतं. मग पूर्ण वळणावर टायर फेंडरला घासू शकतो, बेअरिंगवरही ताण वाढतो. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मधली फट भरणारी रिंग घाला, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. नटही तपासा: चाकातली बैठक शंकूच्या आकाराची असेल तर चेंडूसारख्या गोल टोकाचा नट चालत नाही.

मापाचं गणित मात्र जमतं. १७५/६५ आर१४ (रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) टायरचा व्यास ५८३ मिमी, १८५/५५ आर१५ चा साधारण ५८४. स्पीडोमीटर बिघडत नाही. फक्त टायरची भिंत सुमारे १२ मिमीने कमी होते, ती खड्ड्यात जाणवते.

स्टीलची चाकं दिसायला अगदीच सामान्य. पण काठ वाकला तर बऱ्याचदा ठोकून सरळ होतो; अलॉयला तडा गेला की चाक बदला. रस्ता खराब असेल तर मी स्टीलच ठेवीन. गुळगुळीत असेल, आणि वरची सगळी मापं जुळत असतील, तर खुशाल अलॉय.