जुगार सोडवायला आधी कुठे जायचं: काउन्सेलर, सायकियाट्रिस्ट, जीए की ॲडमिट?

भाऊ, मुलगा, मित्र, कुणीतरी रमी नाहीतर आयपीएलच्या सट्ट्यात अडकलाय आणि घरात रोज एकच वाद, याला न्यायचं कुठे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली खरी, पण म्हणून निवांत बसू नका, ज्याला खेळायचंय तो बुकीकडून सट्टा लावायचा आयडी मिळवतोच.

सगळ्यात आधी घरचे काय करतात, तर कर्ज फेडतात. लोन ॲपवाल्यांचे फोन नातेवाइकांना जायला लागले की आई दागिने मोडते आणि सगळ्यांना वाटतं सुटलो. जुगाराचं व्यसन हा आजार आहे, डॉक्टर नऊ लक्षणं बघून तो ठरवतात, वर्षभरात त्यातली चार दिसली तरी पुरे, आणि जुगाराने आलेली पैशांची अडचण निस्तरायला दुसऱ्यांकडे हात पसरणं हे त्या नवातलंच एक. म्हणजे दागिने मोडून तुम्ही उपचार करत नाही, पुढच्या डावाची सोय करताय. कर्ज फेडायचंच असेल तर थेट देणेकऱ्याला हप्त्याने द्या, पोराच्या खात्यात नको, आणि त्याचं यूपीआय, कार्ड काही महिने घरच्या कुणाच्यातरी हातात असू दे.

आता पर्याय. माझं मत सरळ आहे, सीबीटी (चुकीचे विचार आणि सवयी बोलून बदलायची थेरपी) येणाऱ्या काउन्सेलरपासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त पुरावा त्याचाच आहे. 'आता लॉस काढतो, मग बंद' किंवा 'थोडक्यात हुकलं, पुढचा लागणार' हे जे डोक्यात चालतं ना, ते तिथे पकडून मोडतात. पण दर आठवड्याला जावं लागतं, फी लागते, आणि पोरगा खोटं बोलत राहिला तर वेळ वाया.

सायकियाट्रिस्ट कधी? झोप उडालीय, डिप्रेशन आहे, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) आहे किंवा सोबत दारू आहे, तर लगेच, काउन्सेलिंग चालू ठेवूनच. खास जुगारासाठी मंजूर झालेलं औषध नाही. नाल्ट्रेक्सोन, जे मुळात दारू आणि अफूच्या व्यसनासाठी आहे, ते काहींना ओढ कमी करायला देतात, लिव्हरची टेस्ट करून.

जीए म्हणजे गॅम्बलर्स ॲनॉनिमस, जुगार सोडू पाहणारे एकत्र बसून एकमेकांना आधार देतात तो गट, १९५७ पासून चालू, फुकट, ऑनलाइन मीटिंगही असतात. काही जण दोन मीटिंगनंतर फिरकत नाहीत (विशीतल्या पोराला पन्नाशीतल्या काकांच्या गोष्टी आपल्या वाटत नाहीत, साहजिक आहे), त्यामुळे एकटं जीए पुरेल असं धरू नका, काउन्सेलरच्या जोडीला मात्र मस्त.

ॲडमिट शेवटी. दारू-ड्रग्ज सोबत असतील किंवा घरी आवरतच नसेल तरच.

आणि कुणाला काय आधी हे रिस्कवरूनही ठरतं. शाळेत असतानाच सुरुवात, घरात कुणी खेळणारं, पहिल्याच दिवसांत मोठी रक्कम लागलेली, स्वभाव उतावळा, असं दोन-तीन जुळत असेल तर 'बघू अजून सहा महिने' करू नका.

मरायची भाषा आली तर हे सगळं बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. बोलायला कुणीतरी हवं असेल तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीही चालू असतं, मराठीत बोलता येतं, आणि फोन घरच्यांनी केला तरी चालतो.