डिस्कवाला की बिनडिस्कचा? भुसावळच्या घरातले दोन कन्सोल

आधीच सांगून टाकतो. खान्देशात राहून एकच कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, घ्यायचा असेल तर डिस्क ड्राइव्ह असलेला सोनीचा प्लेस्टेशन ५, म्हणजे पीएस ५, घ्या. कारण ग्राफिक्स नाही, ग्राफिक्सवरून ज्यांना भांडायचंय त्यांना भांडू द्या. कारण आहे डिस्क. ते कसं, ते पुढे येईलच.

माझ्याकडे दोन्ही पार्ट्यांचं मशीन आहे. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस आधी आला, पीएस ५ स्लिम, म्हणजे पीएस ५ ची नंतरची आटोपशीर आवृत्ती, २०२४ मध्ये. धंदा कूलर-इन्व्हर्टर दुरुस्तीचा, त्यामुळे कुठलंही यंत्र घरात आलं की मी आधी त्याचा पंखा कुठे आहे ते बघतो, गेम नंतर. खेळणारे आम्ही तिघं: मी, नववीतली पोरगी, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. अण्णा खेळतात कमी, सल्ले जास्त देतात.

या पिढीची लढाई सुरू झाली २०२० च्या नोव्हेंबरात. एक्सबॉक्स १० तारखेला आला, भारतासकट. पीएस ५ अमेरिका-जपानात १२ तारखेला निघाला, पण आपल्याकडे यायला २ फेब्रुवारी २०२१ उजाडला. तोवर पोरांनी आकडे पाठ केले होते. एक्सबॉक्सचं मोठं मॉडेल सिरीज एक्स १२ टेराफ्लॉप (ग्राफिक्सच्या ताकदीचं माप), पीएस ५ १०.२८. त्यावर सोनीवाल्यांचं उत्तर ठरलेलं: आमची एसएसडी, म्हणजे गेम साठवायची चिप, सेकंदाला ५.५ जीबी वाचते, तुमची २.४. गंमत अशी की दोघांच्या पोटात माल एएमडी या चिप कंपनीचाच, आठ कोअरचा झेन २ प्रोसेसर आणि आरडीएनए २ जातीचं ग्राफिक्स. किंमतसुद्धा तीच, सिरीज एक्स ४९,९९० आणि डिस्कवाला पीएस ५ ही ४९,९९०. आमच्या हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीसमोर दिवाणावर बसून या दोघांतला फरक ओळखून दाखवणारा मला अजून भेटायचाय.

सिरीज एसची गोष्ट वेगळी. ३४,९९० ला आलेलं हे पांढरं पिटुकलं मशीन ४ टेराफ्लॉपचं, १०८० ते १४४० पिक्सेलच्या हिशोबाने बनवलेलं, आणि त्याला डिस्क घालायला फटच नाही. मी ते घेतलं गेम पाससाठी. महिन्याची वर्गणी भरा आणि शेकडो गेम खेळा. फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम आला त्या दिवशी वेगळा पैसा न देता डाउनलोड केला, तेव्हा सोनीवाल्या दोस्तांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. त्या दोन-तीन वर्षांत गेम पासइतका स्वस्त सौदा दुसरा नव्हता, हे मी आजही छातीठोक सांगतो.

आता माझ्या विषयाकडे येतो. ऊन.

पीएस ५ च्या कागदात वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलंय. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४५ असतं, आणि पत्र्याखालच्या खोलीत किती असतं ते विचारू नका. म्हणजे कागदाप्रमाणे चाललं तर होळीनंतर मशीन कपाटात आणि पहिल्या पावसानंतर बाहेर. पण आपली हवा कोरडी, इथे डेझर्ट कूलर चांगला चालतो. खस बदललेली असेल आणि समोरची खिडकी उघडी असेल तर खोली पस्तिशीच्या आत येते. अट एकच, कूलरचा झोत मशीनवर थेट मारायचा नाही. झोताबरोबर ओलावा येतो, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती हे कूलरच्या जाळीवरचा पांढरा थर बघून कळतंच. तोच थर आत सर्किटवर बसू द्यायचा का? मशीन झोताच्या बाजूला ठेवा, मागे वीतभर जागा सोडा, आणि टीव्ही युनिटच्या काचेच्या कप्प्यात तर कधीच कोंबू नका.

दोघांत गरम हवा बरी कोण सोसतं? सिरीज एस मुळात वीजच कमी खातो. वॉटमीटर लावून बघितलं, खेळताना ऐंशीच्या आत. पीएस ५ स्लिम भारी गेमला दोनशेच्या आसपास जातो. एवढी उष्णता बाहेर फेकायची म्हणून सोनीने चिप आणि हीटसिंकच्या मध्ये नेहमीच्या पेस्टऐवजी द्रव धातू घातलाय. उन्हाळ्यात दुपारभर चालवून दोन्ही मशीनं बंद पडलेली नाहीत. पंख्याचा आवाज पीएस ५ चा थोडा जास्त येतो, पण कूलर चालू असताना पंख्याचा आवाज कोणाला ऐकू येतो, भो!

धुळीच्या बाबतीत मात्र पीएस ५ पास. बाजूचे पॅनल स्क्रू न काढता हाताने ओढून निघतात, आत धूळ साठवायला मुद्दाम भोकं ठेवलीत, तिथे व्हॅक्यूमची नळी लावली की झालं. वैशाखातल्या वावटळीनंतर मी हे करतोच. सिरीज एस आतून साफ करायचा तर टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडावा लागतो. मला जमतं, सगळ्यांना जमणार नाही.

मग लाइटचा प्रश्न. दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात, तरी लाइट जायची तेव्हा जातेच. इथे एक गोष्ट गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझा घसा बसलाय. घरच्या इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, एकीकडे ‘यूपीएस’, दुसरीकडे ‘नॉर्मल’. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर उचलायला क्षणभर जास्त घेतो. पंख्याला ते कळतही नाही, कन्सोल मात्र बंद पडून परत सुरू होतो. बटण यूपीएसवर टाका. त्यात तोटा एवढाच, की व्होल्टेज फार खाली आलं तर इन्व्हर्टर लवकर बॅटरीवर जातो. ८५० व्हीएच्या इन्व्हर्टरवर एक पंखा, टीव्ही आणि पीएस ५ आरामात चालतात. दीडशे एएचची बॅटरी धडधाकट असेल तर तीनेक तास निघतात, सिरीज एसवर त्याहून जास्त.

याच मुद्द्यावर एक्सबॉक्सला मी शंभरपैकी शंभर देतो. त्याचं क्विक रिझ्युम म्हणजे चालू गेमची अवस्था एसएसडीवर लिहून ठेवण्याची सोय. गेम अर्धवट ठेवून मशीन नीट बंद केलं, नंतर मेन स्विच पाडला, दुसऱ्या दिवशी लावलं, तरी गेम होता तिथून सुरू. पीएस ५ ला रेस्ट मोडमध्ये झोपवला आणि मध्येच लाइट गेली की झोपवलेला गेम गेला. शेवटच्या सेव्हपासून परत खेळा, वर ‘मशीन नीट बंद केलं नाही’ असा उपदेश ऐका.

कंट्रोलरचं उलट. एक्सबॉक्सचा कंट्रोलर हाताला उत्तम बसतो, पण त्यात दोन पेन्सिल सेल लागतात. काहींना हा मागासपणा वाटतो. मला नाही वाटत, चार्जिंगचे सेल घेतले की दोन आत, दोन चार्जरवर, खेळ थांबत नाही. पीएस ५ च्या ड्युअलसेन्समध्ये बॅटरी आतच आहे, सात-आठ तासांनी वायर लावावी लागते. पण ड्युअलसेन्स हातात घेतल्यावर या तक्रारी मी विसरतो. मशीनसोबत फुकट येणारा ॲस्ट्रोज प्लेरूम अण्णांना लावून दिला. त्यातलं छोटं रोबोट पोरगं वाळूवर चालतं तेव्हा तळहाताला खरखर लागते, काचेवर टकटक, पावसात बारीक थेंब. स्प्रिंगवर उडी मारायची वेळ आली की ट्रिगर बोटाला उलटा दाबतो. अण्णा चष्मा कपाळावर चढवून कंट्रोलर उलटा-पालटा करून बघत राहिले. म्हणाले, “अबे, हे तं हातात सुरसुर करून रायलं!” त्यानंतर तासभर कंट्रोलर पोरीला मिळाला नाही. सूचना एकच, केळीचे वेफर्स खात कुणालाही कंट्रोलर देऊ नका. तेलकट बोटांची पावडर स्टिकच्या बुडाशी जाऊन बसते ती निघत नाही.

आता डिस्क.

नवा मोठा पीएस ५ गेम, समजा स्पायडर-मॅन २ किंवा गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक, आला तेव्हा ४,९९९ ला. आमच्यासारख्याच्या खिशाला हे परवडत नाही, सरळ आहे. पण डिस्क घेतली तर ती मालमत्ता असते. भुसावळ-जळगाव अप-डाउन करणाऱ्यांची आमची एक साखळी आहे. गेम संपला की डिस्क जळगावला जाते, तिथून पाचोऱ्याला, तिथून चाळीसगावला. हजार-पंधराशेचा फरक दिला की दुसरा गेम हातात. एकच डिस्क चार घरांत खेळून होते, आणि शेवटच्याकडेही ती विकण्यासारखी उरते. डिजिटल गेम खात्याला चिकटलेला, तो ना विकता येतो ना साडूला देता येतो. सिरीज एसवाला या साखळीत कडीच होऊ शकत नाही.

दुसरं, इंटरनेट. माझ्या मावसभावाचं घर यावल तालुक्यात, मळ्यात. तिथे फायबर नाही, मोबाइलचा रोजचा दोन जीबीचा पॅक. त्याने सिरीज एस घेतला असता तर शंभर जीबीचा एक गेम उतरवायला पन्नास दिवस लागले असते, तेही घरातल्या कोणी मोबाइलला हात लावला नाही तर. डिस्कवरून गेमचा मोठा भाग मशीनवर कॉपी होतो, उरतात ते पॅच, म्हणजे नंतरच्या दुरुस्त्या. एक पाचर मात्र सोनीनेही मारून ठेवलीय. स्लिमचा ड्राइव्ह सुटा होणारा आहे आणि पहिल्यांदा जोडताना त्याची नोंद व्हायला इंटरनेट लागतंच. मावसभावाच्या मशीनचा तो विधी आमच्या हॉलमध्ये उरकला.

जागेचंही बघा. सिरीज एसमध्ये लिहायला ५१२ जीबी, वापरायला ३६४ च्या आसपास. मोठे तीन गेम टाकले की चौथ्यासाठी एकाला हाकलावं लागतं. वाढवायची तर त्यांचंच खास कार्ड. पीएस ५ मध्ये बाजारात मिळणारी एम.२ एसएसडी चालते, वेग पुरेसा हवा एवढंच, आणि एक स्क्रू काढून ती घरी बसवता येते.

सिरीज एसची ताकद कमी असल्याचा फटका कसा बसतो त्याचं जाहीर उदाहरण म्हणजे बॉल्डर्स गेट ३ हा गेम. पीएस ५ वर तो ६ सप्टेंबर २०२३ ला आला. एक्सबॉक्सवर अडला, कारण एक्स आणि एस दोन्हींवर सारख्या सोयी द्यायच्या असा मायक्रोसॉफ्टचा नियम, आणि एका टीव्हीवर दोघांनी खेळायची स्प्लिट-स्क्रीन एसला पेलेना. शेवटी नियम सैल करून डिसेंबरात काढला, एसवर स्प्लिट-स्क्रीन २०२५ मध्ये आली. आम्ही बाप-लेक शेजारी बसून खेळतो, आम्हाला हे लागतं.

आणि आता तर एक्सबॉक्सचेच गेम पलीकडे निघालेत. फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्ये पीएस ५ वर आला. एक्सबॉक्सची ओळखच असलेला हॅलोसुद्धा येणार असं त्यांनी जाहीर केलं. हॅलो! इकडे गेम पासची सगळ्यात वरची वर्गणी, अल्टिमेट, २०२५ च्या ऑक्टोबरात महिन्याला ८२९ वरून १,३८९ वर गेली. त्या भावाने वर्षाला साडेसोळा हजारांवर. तेवढ्यात माझ्या साखळीत किती डिस्क फिरतील, हिशोब तुम्हीच मांडा. सोनीने ८ कोटींच्या वर पीएस ५ विकले, मायक्रोसॉफ्ट आपला आकडा कित्येक वर्षं सांगतच नाही. मग सोनीला माज चढणारच. पीएस ५ प्रो हे जास्त ताकदीचं मॉडेल त्यांनी ड्राइव्हशिवायच काढलं, ड्राइव्ह वेगळा घ्या म्हणे. २०२४ च्या नोव्हेंबरात तो जगभर निघाला तेव्हा भारतात आलाच नाही, वाय-फाय ७ च्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला इथे परवानगी नव्हती म्हणून. आमचं काही अडलं नाही. निन्टेन्डोचा स्विच २ चांगला असेलही, पण इथे कंपनी अधिकृत विकत नाही, आणि बाहेरून आणलेल्या मशीनच्या वॉरंटीसाठी दुबईला कोण जाणार?

तर स्लिम घ्या, डिस्कवालाच. बिनडिस्कचा डिजिटल स्वस्त दिसतो, पण वाचलेले पैसे दोन वर्षांत गेममध्ये परत जातात. घरी फायबर असेल, पोरं लहान असतील आणि कुणी सिरीज एस दहा-बारा हजारांत देत असेल तर तोही घेऊन टाका, आमचा अजून पोरीच्या खोलीत रोज चालतो.

जुना पीएस ५ घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, डिस्क घालून, गेम सुरू करून बघा. अर्धा तास चालू ठेवा, मागून येणाऱ्या हवेला हात लावा, डिस्क दोन-तीनदा आत-बाहेर करा. डिस्क जुनी घेताना ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागाच्या खाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो, वर कडक थर असतो म्हणून बारीक ओरखडे चालतात, पण नखाला लागणारा ओरखडा दिसला तर सोडून द्या. आणि स्लिम असेल तर खोक्यात मशीन आडवं ठेवायचे दोन छोटे पारदर्शक पाय आहेत का ते विचारा. हमखास हरवलेले असतात.